तडीरीवाल्यांचं गॅरेज : आमची वाटचाल

गॅरेज सुरू केलं तेव्हा आमच्याकडे रिंग पान्यांचा एक सेट, दोन हातोडे आणि बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात एका लेथवर करून घेतलेला पुलर, म्हणजे घट्ट धरलेला सांधा ओढून सोडवायचं हत्यार, एवढंच होतं. पुलर ईएन 24 या कणखर पोलादाचा, मधला बोल्ट बारीक आट्यांचा. तो आजही भिंतीवर पहिल्या खिळ्याला असतो. नंतर बाजारातून तीन आणले, तिन्ही तोंड वाकवून भंगारात गेले.

भागीदार बैलहोंगलकडचा. मराठी समजायचं त्याला, पण गिऱ्हाईक घाई करायला लागलं की तोंडातून कन्नडच यायचं, "स्वल्प तडीरी." जरा थांबा. त्यावरून आम्हाला तडीरीवाले हेच नाव पडलं, आणि मला त्याचा अभिमान आहे. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात राबलेली किंवा चोर्ला घाटातून गोव्याला ये-जा करणारी जुनी गाडी आली की टाय रॉडच्या, म्हणजे स्टीअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याच्या, टेपरला (निमुळत्या टोकाला) गंजाने असं धरलेलं असतं, की दोन लोखंडं एकच वाटावीत. आदल्या संध्याकाळी ब्रश मारून तेल सोडायचं. सकाळी नट अडकवून ठेवणारी स्प्लिट पिन काढायची, नट ढिला करून चार आट्यांवर तसाच ठेवायचा, पुलरने ताण द्यायचा. मग चाकाकडच्या आर्मच्या डोळ्याला, म्हणजे टेपर बसतो त्या भोकाच्या कडेला, एका बाजूने जड हातोडा टेकवायचा आणि दुसऱ्या बाजूने ठोका. भोक क्षणभर लंबगोल होतं आणि टेपर टक्‌कन सुटतो. स्टडच्या, म्हणजे टेपरच्या आटे असलेल्या टोकाच्या, तोंडावर कधी ठोकू नका. आटे चपटे झाले की नट धड उतरत नाही, धड चढत नाही.

मग समोर दुसरं गॅरेज उघडलं. नाव लिहीत नाही. तिथे गॅसने लाल करायचे, घण घालायचे, वीस मिनिटांत गाडी बाहेर. सांधा झाकणारा रबरी बूट जळतो, आर्मचं पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कणखरपणा जातो, ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याला वीस मिनिटं दिसतात. "बिल वाढवायला गाडी रात्रभर अडकवतात," असं आमच्याबद्दल पसरवलं गेलं.

त्यातच ती मारुती 800. डावा टाय रॉड एंड, म्हणजे त्या दांड्याच्या टोकाचा बॉलचा सांधा, आम्ही बदललेला, उजवा त्यांनी. भर पावसात चोर्ला उतरताना उजवा सुटला. गाडी डोंगराकडच्या चरात गेली म्हणून माणसं वाचली. बूट जळून आत पाणी शिरलं होतं, बॉल कपातून बाहेर आला होता. तो तुकडा मी मालकाच्या हातात ठेवला. तरी गावभर नाव झालं आमचंच, कारण त्याच्या खिशात पावती होती ती आमची. समोरचे पावती देतच नव्हते.

त्या पावसाळ्यात तीन महिन्यांचं भाडं भागीदाराच्या बायकोच्या पाटल्यांवर निघालं. कामाला ठेवलेला पोरगा आमचेच ठोके शिकून समोर गेला. मी ते अजून विसरलेलो नाही.

तेव्हा आले खानापूरचे एक निवृत्त गुरुजी. त्यांच्या फियाटला काहीही काम नव्हतं. तरी दर शनिवारी सकाळी यायचे, गाडी दारात आडवी लावायचे, बॉनेट उघडायला सांगायचे आणि दुपारपर्यंत बाकावर पेपर वाचत बसायचे. एकदा विचारलं, "गुरुजी, काय बघू?" म्हणाले, "काही बघू नकोस. दारात गाडी दिसू दे लोकांना." असे सोळा शनिवार. मी मोजलेत.

नंतरच्या वर्षांत काम भरपूर आलं, पाटल्याही सुटल्या.

जुनी गाडी घेणाऱ्या पोरांना मात्र सांगतो, टेपर पुसून कोरडाच बसवा, तिथे ग्रीस नको. ग्रीसचा हात फिरवायचा तो लोअर आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या, बोल्टच्या दांड्यावर, रबरी बुशच्या नळीत शिरतो तिथे. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, नाहीतर रबर पिळून फाटतं. स्प्लिट पिन दरवेळी नवी. आणि चाकांची अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी घरी नेऊ नका.

गुरुजी आता नाहीत. फियाट त्यांची मुलगी आणते, शनिवारीच. काम सांगायच्या आधी गाडी दारात आडवी लावते.