पॅन अमेरिका चिखलात: ठाणे ते माळशेज, पुढे खिरेश्वर

घोडबंदरच्या मित्राने हार्ले-डेव्हिडसनची पॅन अमेरिका १२५० स्पेशल ही कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीची ॲडव्हेंचर बाइक घेतली आणि आमच्या ग्रुपला रोजचा विषय मिळाला. आयुष्यभर क्रूझर, म्हणजे गुळगुळीत रस्त्यावर ऐसपैस बसून चालवायच्या गाड्या, बनवलेल्या कंपनीने हे खड्ड्याखुड्ड्यांचं धाडस करावं कशाला, असं निम्म्या लोकांचं म्हणणं. बाकीच्यांचं म्हणणं, चालवल्याशिवाय बोलू नका. म्हणून गणपती उरकल्यावर एक रविवार पकडला आणि ठाण्याहून माळशेज चढून खुबी फाट्यावरून खिरेश्वर गाठायचं ठरलं. हायवे, खड्डे, घाट आणि शेवटी धरणाच्या कडेचा कच्चा रस्ता, असं सगळं एका दिवसात मिळतं. ज्याला हवी त्याने गाडी चालवून बघावी अशी मालकाने मुभा दिली होती, ही खरी गोष्ट.

सोबत वाशीच्या डॉक्टरांची बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस, खारघरच्या ताईंची रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०, कळव्याच्या काकांची जुनी कास्ट आयर्न बुलेट आणि माझी हिरोची हलकी एक्सपल्स.

ठाण्यातून निघणाऱ्यांनी पहाटे साडेपाचला माजिवडा सोडावा. त्यानंतर साकेत, खारेगाव, माणकोली, रांजणोली या पट्ट्यात भिवंडीच्या गोदामांचे ट्रक सुरू होतात आणि दीडशे हॉर्सपॉवर असो की पंधरा, सगळे एकाच वेगाने सरकतात. नवी मुंबईकरांनी महापे-शीळफाटा-कल्याण धरावा आणि शहाडला पुलाच्या पुढे थांबावं, कल्याणच्या आत भेटायच्या भानगडीत पडू नये. (अटल सेतू आणि एक्सप्रेसवे दोन्ही दुचाकींना बंद. वीस लाखांची गाडी घेतलेल्या माणसाला हे सांगताना मजा येते.) पेट्रोल ठाण्यातच भरा. या इंजिनाचं कॉम्प्रेशन १३:१ आहे, त्याला ९५ ऑक्टेनचं पेट्रोल लागतं आणि ते मुरबाडच्या पुढे मिळेलच असं नाही. टाकी २१.२ लिटरची, त्यामुळे एकदा भरली की जाऊन-येऊन चिंता नाही.

कल्याणपर्यंतच्या गर्दीत काकांनी पहिला शेरा मारला, "हार्ले आहे ना ही? मग धडधड कुठे गेली?" त्यांचं चुकत नाही. हार्लेच्या जुन्या इंजिनात दोन सिलेंडरमध्ये ४५ अंशांचा कोन असतो आणि ती ओळखीची लंगडी धडधड तिथून येते. इथलं रेव्होल्यूशन मॅक्स इंजिन १२५२ सीसीचं, पाण्याने थंड होणारं, ६० अंशांचं, आणि त्याच्या क्रँकपिन (पिस्टनचे दांडे जिथे जोडतात त्या पिना) ३० अंशांनी सरकवलेल्या. म्हणजे स्फोटांची लय बदलली. आवाज येतो, पण तो घाईतल्या माणसाचा. बेल्टऐवजी चेन आहे, कारण बेल्टमध्ये खडा अडकला तर खेळ खल्लास. काका यावर "मग हार्ले कशाला म्हणायचं" एवढंच बोलले आणि बुलेटला किक मारून पुढे गेले.

रायत्याचा उल्हास नदीवरचा पूल लक्षात ठेवा. जोराचा पाऊस असेल तर तो पाण्याखाली जातो आणि मुरबाड रस्ता बंद होतो, तेव्हा निघण्याआधी बातम्या बघा. गोवेलीनंतर रस्ता मोकळा होतो. मुरबाडला वडापाव, चहा, पुढे सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी. सिमेंटचा रस्ता चांगला आहे, पण जिथे डांबर आहे तिथे पावसाने केलेले खड्डे पाणी भरून सपाट दिसतात.

या टप्प्यात मी तिच्यावर बसलो. स्पेशलचं शोवा सस्पेन्शन सेमी-ॲक्टिव्ह आहे, म्हणजे रस्ता बघून स्वतःच कडक-नरम होतं. एक्सपल्सवर जो खड्डा मी उभं राहून घेतो तो इथे बसून घेतला आणि कंबरेला कळलंही नाही. पुढे काही दिसायच्या आत वेग शंभरच्या वर गेलेला असतो, आणि तोच धोका आहे. टोकावड्याच्या आसपास रस्त्यात गुरं बसलेली असतात. ब्रेम्बोचे ब्रेक चोख आहेत, पण गाईला ते ठाऊक नसतं. पहिल्यांदा चालवणाऱ्याने रेन मोडमध्ये, म्हणजे ताकद सौम्यपणे सोडणाऱ्या सेटिंगमध्ये, सुरुवात करावी. माझं मत विचाराल तर घाटापर्यंत ही गाडी जीएसपेक्षा जास्त खेळकर वाटते. डॉक्टरांना हे अर्थातच मान्य नाही. त्यांच्या गाडीचं बॉक्सर (दोन्ही बाजूंना आडव्या सिलेंडरचं) इंजिन खाली पसरलेलं असल्यामुळे वजन जाणवत नाही आणि चाक चेनऐवजी शाफ्टने, म्हणजे दांड्याने, फिरत असल्यामुळे चेनला तेल घालायची कटकट नाही, हे त्यांनी घाटाच्या पायथ्याशी पुन्हा सांगितलं.

घाटाबद्दल नवीन काय सांगू? सोनकीने उतार पिवळे झाले होते, बोगद्याच्या अलीकडे धुकं होतं आणि कठड्यावर मुलं रील काढत उभी होती. दरडी पडणारा घाट आहे, कड्याखाली फोटोसाठी गाडी लावू नका. भर पावसाळ्यात धबधब्यांवर जायला जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढतं, तो मोडून गेलात तर गुन्हा दाखल होऊ शकतो. मोबाइलची रेंज जाते, म्हणून पुढची भेटायची जागा आधीच ठरवा. आम्ही खुबी फाटा ठरवला होता.

खुबी फाट्यावरून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीच्या कडेने खिरेश्वरला रस्ता जातो. हरिश्चंद्रगडाला जाणाऱ्यांच्या ओळखीचा. साधारण पाच किलोमीटर, आणि खरी परीक्षा तिथेच झाली. लाल चिखल, त्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या, मधे गोटे. मालकाने ऑफ-रोड मोड लावला. सरळ जाताना काही अडचण नाही, उभं राहून चालवायला हँडल छान हाताशी येतं. अडचण थांबल्यावर येते. समोरून म्हशींचा कळप आला आणि आम्हाला चढावर, एका चाकोरीत पाय टेकावे लागले.

तेव्हा गाडीवर ताई होत्या. उंची पाच फूट तीन इंच. या गाडीचं सीट आहे ८५० ते ८७५ मिलिमीटर, त्यांच्या हिमालयनचं ८२५. मी मागून धावायच्या तयारीत होतो. वेग कमी झाला तशी गाडी मागून-पुढून हळूच खाली बसली आणि थांबेपर्यंत ताईंच्या दोन्ही बुटांचे चवडे चिखलात टेकले होते. यालाच ॲडॅप्टिव्ह राइड हाइट म्हणतात: थांबताना एक-दोन इंच खाली, निघाल्यावर पुन्हा वर. म्हशी गेल्या, ताईंनी क्लच सोडला, गाडी उठून चालू लागली. त्यांचा शेरा: "बाकी काही नाही दिलं तरी चालेल, हे माझ्या गाडीत द्या." फक्त मोठ्या दगडांवर थांबायची वेळ येणार असेल तर ही सोय आधी लॉक करा, नाहीतर गाडी नेमकी दगडावर बसायची.

पण २५८ किलो म्हणजे २५८ किलोच. खिरेश्वरच्या अलीकडे वळवताना मालकाचा पुढचा टायर ओल्या मातीत सरकला आणि गाडी आडवी झाली. वेग नव्हताच. क्रॅशगार्डने काम केलं, आरसा फिरला, बस्स. उचलायला मात्र तिघं लागलो, आणि एकाचे पाय घसरत होते. मूळ टायर डांबरासाठीच जास्त, त्यांच्या खाचा चिखलाने भरल्या की पकड संपते. एकट्याने या रस्त्याला ही गाडी आणायची नाही, एवढं त्या वेळी न बोलता सगळ्यांना पटलं. कंपनीच्या जाहिरातीत गाडी वाळूत उडताना दिसते, पण ती पडल्यावर कोण उचलतं ते दाखवत नाहीत. माझी एक्सपल्स तिथे मी एकटा उभी करतो.

खिरेश्वरला नागेश्वराचं देऊळ बघा, छताखालचं कोरीव काम थांबून बघण्यासारखं आहे. जेवायला गावातल्या घरी आधी फोन करून सांगा. पिठलं-भाकरी, ठेचा मिळतो.

जेवताना वाद परत निघाला. डॉक्टरांनी एक कबूल केलं: व्हॉल्व्ह तपासायचा खर्च या गाडीत नाही, व्हॉल्व्हची फट आपोआप नीट ठेवणाऱ्या हायड्रॉलिक लॅश ॲडजस्टरमुळे तो हिशोबच उडाला. मालकाची तक्रार दुसरीच. एका सर्व्हिस सेंटरने साध्या पार्टसाठी आठवडे थांबवलं. हार्लेने २०२० मध्ये भारतातला स्वतःचा कारभार आवरला आणि विक्री-सर्व्हिस हिरो मोटोकॉर्पकडे गेली. त्यामुळे गाडी बुक करण्याआधी आपल्या भागातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन ब्रेक पॅड, लिव्हर, आरसा यांची किंमत आणि मिळायला लागणारा वेळ लेखी विचारा. २०२१ मध्ये भारतात आली तेव्हा साधी पॅन अमेरिका १६.९० लाखांना होती. शोरूममध्ये स्पेशलच बघा आणि राइड हाइटची सोय त्या गाडीत बसवलेली आहे का ते आधी विचारा. आपल्या सरासरी उंचीच्या माणसाने तिच्याशिवाय ही गाडी घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

लेह-स्पितीची स्वप्नं बघणाऱ्याला हिमालयन पुरते. ज्याला ठाण्याहून सकाळी निघून संध्याकाळी गोव्यात उतरायचंय, मधे एखादा खराब पट्टा आला तर कुरकुर न करता ओलांडायचाय, त्याने पॅन अमेरिकेचा विचार करावा.

परतताना तीनच्या आत खिरेश्वर सोडा. रविवारी संध्याकाळी शहाडपासून दुर्गाडीपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलाने जातात. इतक्या मोठ्या इंजिनाची ऊब तेव्हा मांड्यांना लागते, म्हणून रायडिंग पँट जाळीची घाला. चेन त्याच रात्री धुवा, तो लाल चिखल वाळला की ब्रशने निघत नाही.