आधी सुई टोच

आमचं हॉटेल छोटं, काम सगळं तव्यावरचं आणि कढईतलं. पण एकदा मालकांनी मोकळ्या मैदानातल्या पार्टीची ऑर्डर घेतली. साठ माणसं, कोळशावर भाजलेल्या चिकनच्या तंगड्या, मक्याची कणसं, बटाट्याचं सॅलड. मी म्हटलं, शेगडी ती शेगडीच, त्यात काय एवढं!

तंगड्या रात्रभर मुरवल्या होत्या. मसाल्यात मध जरा सढळ हाताने पडला, ही पहिली चूक. दुसरी म्हणजे निखारे शेगडीभर सारखे पसरले. पाचेक मिनिटांत चरबी ठिबकायला लागली, भडका उडाला आणि मधाने लगेच रंग धरला. तंगड्या अशा काळपट-तांबूस दिसायला लागल्या की लोक वासानेच रांगेत आले. मीही फुशारून पहिलं ताट भरलं.

"दादा, सुई टोचून बघू का?" हाताखालचा पोरगा म्हणाला. थर्मामीटरला तो सुई म्हणतो. खरं तर मला रागच आला. रांग लागलीय आणि याला प्रयोग सुचतायत! तरी टोचली, हाडाला न टेकवता, मांसाच्या सगळ्यात जाड भागात. आकडा ५८ वर थांबला. चिकनला ७४ अंश सेल्सियस लागतात, त्याशिवाय कच्च्या चिकनमधला साल्मोनेला हा जंतू मेला असं धरून चालता येत नाही.

ताट तसंच मागे ओढलं. रांगेच्या हातात कणसं दिली. निखारे एका बाजूला ढकलले, तंगड्या दुसऱ्या बाजूला मांडल्या आणि वर मोठं पातेलं पालथं घातलं. कच्च्या मांसाला लागलेला चिमटा बदलला, ताटही. पोरगा तेवढ्यात सॅलडचं भांडं बर्फाच्या परातीत ठेवून आला. ते उन्हात राहिलंय हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. पंचवीस मिनिटं मी कोणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

मग वाढप सुरू झालं, आणि एक आजी तंगडी परत घेऊन आल्या. "अरे बाळा, हाडापाशी लाल आहे बघ. कच्चं वाढतोस?"

लाल होतंच. मी त्यांच्यासमोरच सुई खुपसली: ७९. कोवळ्या कोंबडीची हाडं पातळ आणि सच्छिद्र असतात, आतल्या मगजाचा रंग मांसात झिरपतो, नीट शिजलं तरी तो लालसरपणा राहतो. हे सगळं मी समजावून सांगितलं. आजींनी आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"ही तूच खा. मघाशी ताटात छान काळपट भाजलेल्या होत्या ना, त्यातली दे मला."

त्यातलीच दिली. मघाशी ती ५८ ला होती, हे मात्र सांगत बसलो नाही.