वेस्टमिन्स्टर ॲबीच्या माडीवर

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या भव्य चर्चमध्ये खाली उभे राहून मान वर केली की भिंतीचे तीन थर वेगळे दिसतात: तळाशी उंच टोकदार कमानी, माथ्याशी खिडक्या आणि मधोमध नक्षीदार जोडकमानींची ओळ. ट्रायफोरियम म्हणून ओळखली जाणारी ही मधली ओळ निव्वळ शोभेची वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे चांगली रुंद माडी आहे, आणि 2018 पासून ती सर्वांना पाहता येते.

वर जाण्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागते. बाहेरच्या बाजूने नव्याने उभारलेल्या वेस्टन टॉवरमध्ये लिफ्ट आहे. मी मात्र 108 पायऱ्यांचा जिना धरला आणि ते बरेच झाले, कारण चढताना जुन्या इमारतीचे दगडी आधार अगदी जवळून पाहायला मिळतात.

तिसऱ्या हेन्रीने 1245 मध्ये हे बांधकाम हाती घेतले, तेव्हा त्याच्यासमोर फ्रान्समधील भव्य चर्चचे आदर्श होते. मात्र रीम्सच्या कॅथेड्रलमध्ये या मधल्या थरामागे भिंतीच्या जाडीतला अरुंद बोळ आहे, तर इथे बाजूच्या मार्गिकेच्या छताएवढी रुंद जागा सोडली आहे. तिथे आणखी प्रार्थनास्थळे मांडण्याचा राजाचा विचार असावा, असे मानले जाते. ते काही घडले नाही आणि ही जागा आपल्याकडच्या पोटमाळ्यासारखी शतकानुशतके सामान ठेवण्याच्या कामी आली. खालच्या दगडी कमानछताची पाठ वरून सपाट नसते, तिच्यात खोलगट कप्पे राहतात. दुरुस्तीच्या वेळी या कप्प्यांतला गाळ उपसला, तेव्हा त्यात रंगीत काचांचे सुमारे 30,000 तुकडे निघाले. त्यांपैकी काही टॉवरला माडीशी जोडणाऱ्या पुलाच्या खिडक्यांत बसवले आहेत; माझ्या मते सगळ्या प्रकल्पातली ही सर्वांत सुरेख कल्पना.

माडीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या अंत्ययात्रांत मिरवलेले पुतळे मांडले आहेत. राजा तिसऱ्या एडवर्डच्या 1377 मधील लाकडी पुतळ्याचा चेहरा त्याच्या मृत मुखावरून घडवलेला मानतात. त्याच्या तोंडाचा एक कोपरा किंचित ओढल्यासारखा दिसतो. पाहणारे मात्र काचेच्या कपाटांवरच वाकून राहतात आणि कमानींकडे पाठ करतात, याचे मला नवल वाटले. पूर्व टोकाच्या कमानींतून सुमारे 16 मीटर खाली संत मानल्या गेलेल्या राजा एडवर्ड द कन्फेसरची समाधी दिसते. चहूबाजूंच्या राजेराण्यांच्या थडग्यांमुळे ती खालून धड नजरेत येत नाही. कोण कोणाशेजारी आणि समाधीच्या किती जवळ पुरले आहे, हे वरून एका दृष्टिक्षेपात कळते.