तुम्ही विचारलंत म्हणून: मखलूफीचं नुकसान झालं का?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलं की मेस्सी की रोनाल्डो हा वाद चुकत नाही. त्यात एकदा मी अल्जीरियाच्या रशीद मखलूफी या जुन्या फुटबॉलपटूचं नाव घेतलं, आणि तेव्हापासून एक प्रश्न माझ्यामागे लागलाय. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच: "ऐन एकविशीत, वर्ल्ड कप दोन महिन्यांवर आलेला असताना हा फ्रान्स सोडून निघून गेला. देशासाठी केलं, मान्य. पण त्याचं स्वतःचं नुकसानच झालं ना?"

आधी काय सोडलं ते बघा. 1957 मध्ये सेंट-एतिएन हा क्लब फ्रान्सचा विजेता झाला, त्या संघातला हा गोल करणारा पोरगा. त्याच वर्षी फ्रान्सच्या लष्करी संघाकडून तो जागतिक लष्करी स्पर्धा जिंकून आला. 1958 च्या स्वीडनमधल्या वर्ल्ड कपसाठी त्याचं नाव फ्रान्सच्या विचारात होतं. त्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्स तिसरा आला आणि फोंतेननं 13 गोल मारले. म्हणजे सोडलं ते किरकोळ नव्हतं.

पण मखलूफी अल्जीरियातल्या सेतीफचा, आणि अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. 8 मे 1945 ला युरोपात युद्ध संपल्याचा जल्लोष चालू असताना सेतीफमध्ये अल्जीरियाचा झेंडा घेऊन मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या भागात हजारो माणसं मारली गेली. मखलूफी तेव्हा आठ वर्षांचा होता. अशा गावच्या पोराला 1958 मध्ये स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एफएलएनचा निरोप आला, की फ्रान्समधले आपले खेळाडू गुपचूप बाहेर काढून अल्जीरियाचा संघ उभा करायचाय. तो काय उत्तर देणार?

शिवाय तो तेव्हा सक्तीच्या लष्करी सेवेत होता. इतरांसाठी तो क्लबशी मोडलेला करार होता, याच्यासाठी सैन्यातून पळून जाणं. निघायच्या आदल्या दिवशीच्या सामन्यात डोक्याला मार लागून तो दवाखान्यात पडलेला. त्याला न्यायला आले ल्यों क्लबचा अब्देलहमीद करमाली आणि मोख्तार अरिबी, दोघंही सेतीफचेच. तिथून स्वित्झर्लंडची हद्द, मग इटली, मग ट्युनिस. सेतीफची ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मग चार वर्षं त्यांनी फिफाच्या लेखी अस्तित्वातच नसलेल्या देशाचा संघ म्हणून खेळून काढली. फिफानं मान्यता नाकारली आणि यांच्याशी खेळणाऱ्यांना कारवाईचा दम भरला. तरी पूर्व युरोप, अरब देश, चीन, व्हिएतनाम असे सामने झाले. बेलग्रेडमध्ये तर यांनी युगोस्लाव्हियाच्या संघाला 6-1 धुतलं. अरिबी खेळायचाही आणि शिकवायचाही. आमच्या विचारणाऱ्यांना ही चार वर्षं वाया गेल्यासारखी वाटतात. मला ती या माणसाची प्रशिक्षक म्हणून झालेली उमेदवारी वाटते. एकाच अल्जीरियन संघात, एकाच पद्धतीनं, महिनोन्‌महिने एकत्र राहून खेळायची सवय दुसरीकडे कुठे लागली असती?

स्वातंत्र्य आलं 1962 मध्ये. जिनिव्हाच्या सर्व्हेत क्लबकडून थोडं खेळून तो सेंट-एतिएनला परतला. ज्या शहराच्या दृष्टीनं हा सैन्यातून पळालेला माणूस, त्याच शहरात. पहिल्या सामन्यात तो मैदानात उतरला तेव्हा स्टेडियम गप्प होतं. पायाला पहिल्यांदा चेंडू लागला आणि टाळ्या सुरू झाल्या. संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला होता, तिथून वर येऊन 1964, 1967, 1968 अशी तीन विजेतेपदं. 12 मे 1968 ला, पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनी रस्ते अडवलेले असताना, फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात बोर्दोविरुद्ध 2-1. दोन्ही गोल मखलूफीचे. चषक देताना फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल त्याला "फ्रान्स म्हणजे तुम्हीच" म्हणाले असं सांगतात. दहा वर्षांपूर्वी ज्याला फरार ठरवलं होतं त्याला! खेळाडूचं नुकसान मोजायचं तर हेही जमेच्या बाजूला धरा.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. लोक 1958 वर थांबतात, आणि प्रशिक्षक मखलूफीबद्दल कुणी विचारतच नाही.

अल्जीरियाच्या राष्ट्रीय संघाकडे त्याचं जाणंयेणं सरळ कधीच नव्हतं. बोलावलं, बाजूला केलं, पुन्हा बोलावलं. आपल्याकडच्या क्रीडा संघटना पाहिलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. पहिली मोठी कमाई 1975 ची, अल्जीयर्समध्ये भरलेल्या भूमध्यसागरी स्पर्धा. अंतिम सामन्यात समोर फ्रान्स. फ्रान्सचा पहिला संघ नव्हता हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, पण त्या संध्याकाळी स्टेडियममध्ये कुणाला त्याचं पडलं होतं? फ्रान्स 2-1 पुढे. अध्यक्ष बूमेदियन आपल्याच राजधानीत फ्रान्सचं राष्ट्रगीत ऐकावं लागेल म्हणून उठून निघाले होते, असं सांगतात. अगदी शेवटच्या क्षणी बेत्रूनीनं बरोबरी केली, आणि जादा वेळेत अल्जीरिया 3-2 जिंकलं. प्रशिक्षक मखलूफी. तीन वर्षांनी आफ्रिकी क्रीडा स्पर्धेत सुवर्ण.

मग 1982, स्पेनचा वर्ल्ड कप. प्रशिक्षक म्हणून मखलूफी आणि महियेद्दीन खलेफ अशी जोडी होती. त्या काळी अल्जीरियात 28 वर्षांचा होईपर्यंत खेळाडूला परदेशी क्लबकडे जाऊ देत नसत. त्या नियमावर खेळाडूंचा राग असणं स्वाभाविक आहे. पण त्यामुळे माजेर, बेलूमी, असाद ही मंडळी वर्षानुवर्षं एकमेकांच्या हालचाली ओळखून होती. 16 जूनला हिहोनमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध माजेरनं पहिला गोल मारला. 67 व्या मिनिटाला रुमेनिगनं बरोबरी केली. त्यानंतरचं एक मिनिट इंटरनेटवर शोधून बघाच. मधल्या वर्तुळातून चेंडू सुटतो, या पायातून त्या पायात जातो, जर्मन नुसते मागे धावतात, त्यांच्या पायाला तो लागतच नाही. डावीकडून असाद निघतो, आडवा पास देतो आणि बेलूमी तो जाळ्यात ढकलतो. 2-1. असा गोल खडूनं फळ्यावर शिकवता येत नाही. ट्युनिसहून निघालेला तो बिनमान्यतेचा संघ याच तऱ्हेचा फुटबॉल खेळायचा.

त्या दवाखान्यातून निघालेल्या बाकीच्या दोघांचंही ऐका. अरिबीनं 1988 मध्ये सेतीफच्या क्लबला आफ्रिकेतल्या विजेत्या क्लबांचा चषक मिळवून दिला, तोही क्लब देशात दुसऱ्या श्रेणीत घसरलेला असताना. करमालीनं 1990 मध्ये अल्जीरियाला पहिला आफ्रिका चषक जिंकून दिला, अंतिम सामन्यात नायजेरियाविरुद्ध 1-0. 1958 मध्ये जे तिघं एकत्र निघाले त्यांनी मिळून अल्जीरियन फुटबॉलला हे सगळं दिलं. यातलं किती फ्रान्सच्या खात्यात मांडणार आणि किती नुकसानीच्या?

तरी मी आंधळा भक्त नाही. 1982 चा विषय निघाला की लोक लगेच जर्मनी-ऑस्ट्रियावर घसरतात. 25 जूनला हिहोनमध्येच, दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या ह्रुबेशचा गोल झाला, मग दोघांनी नुसती टंगळमंगळ केली, कारण 1-0 वर दोघंही पुढे जात होते आणि अल्जीरिया बाहेर. स्टँडमधून अल्जीरियन प्रेक्षक नोटा फडकवत होते. लाजिरवाणा प्रकार, त्यात वादच नाही. पण त्या दोघांना हिशेब आयता हातात मिळाला तो आदल्या दिवशी. ओव्हिएदोमध्ये चिलीविरुद्ध अल्जीरिया मध्यंतराला 3-0 पुढे होतं आणि सामना संपला 3-2 वर. ते दोन गोल झाले नसते तर गोलफरकात अल्जीरिया ऑस्ट्रियाच्या बरोबरीला आलं असतं आणि जास्त गोलांवर पुढे. मग दुसऱ्या दिवशी 1-0 वर ऑस्ट्रियाला स्वस्थ बसता आलंच नसतं. तीन गोलांची आघाडी घेऊन मध्यंतरानंतर संघ असा सैल पडतो, तेव्हा बाकावर बसलेल्यांनाही जाब विचारावा लागतो. मखलूफी नोव्हेंबर 2024 मध्ये गेला, त्यामुळे आता त्याला कुणी विचारणार नाही. पण नुकसानच विचारत असाल तर माझ्या वहीत ते 1958 समोर नाही, ओव्हिएदोच्या त्या दुसऱ्या हाफसमोर लिहिलेलं आहे.