मामा तलावातली पिल्लं

नवेगावबांधकडच्या एका मामा तलावातून, म्हणजे माजी मालगुजारी तलावातून, मत्स्य संस्थेचे अध्यक्ष बारीक पिल्लांची बाटली घेऊन आमच्या कॉलेजात आले. "सर, आमी तं रोहू-कतला सोडलो होतो. हे कोनाचे हायेत, सांगा न जी." ढिवरांच्या वर्षभराच्या कमाईचा प्रश्न होता. एवढ्याशा पिल्लांवर ओळखीच्या खुणा उमटलेल्या नसतात, म्हणून प्राण्यांची जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा डीएनए तुकडा लॅबकडून वाचून घेतला.

त्या अक्षरांचे क्रम आले ती मे महिन्यातली दुपार होती. ते ब्लास्टने, म्हणजे माहीत असलेल्या क्रमांशी जुळवून पाहणाऱ्या प्रोग्रामने, तपासायचे होते. एमएससीच्या विद्यार्थिनीने क्यूब्लास्टवर, म्हणजे नेटवरून ब्लास्ट करणाऱ्या बायोपायथन या पायथन संचातल्या फंक्शनवर, स्क्रिप्ट चालवली आणि लाइट गेली. क्यूब्लास्ट उत्तर येईपर्यंत ताटकळत बसतं. मध्येच नेट तुटलं की हाती काहीच उरत नाही. तिला म्हटलं, मोबाइलच्या नेटवरून थेट ब्लास्टच्या यूआरएल एपीआयला, म्हणजे वेब-पत्त्यावरून शोध मागवण्याच्या सोयीला, विनंती टाक आणि मिळालेला आरआयडी, म्हणजे त्या विनंतीचा क्रमांक, आधी फाइलीत लिहून घे. शोध एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या सर्व्हरवर चालतो, निकालही साधारण दिवसभर तिथे राहतो. मात्र दोन विनंत्यांत किमान 10 सेकंद सोडायचे आणि एका आरआयडीची चौकशी मिनिटातून एकदाच करायची. ही शिस्त मी सक्तीने पाळायला लावतो. कॉलेजचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, एकच. तो अडवला तर साऱ्यांचंच काम बंद.

तेवढ्यात लॅपटॉपच्या बॅटरीवर ब्लास्ट प्लस, म्हणजे आपल्याच संगणकावर चालणारं ब्लास्ट, चालवलं. एनसीबीआयचा क्रमांचा अख्खा एनटी डेटाबेस शेकडो जीबींचा, आमच्या नेटवर तो उतरणं अशक्य. पण देशी माशांच्या सर्वेक्षणासाठी ब्लास्ट प्लसमधल्याच मेकब्लास्टडीबीने केलेला छोटा डेटाबेस होता. काही क्षणांत उत्तर आलं. काही पिल्लं चोख रोहू निघाली. बाकीच्यांचं जुळणं मात्र ऐंशी टक्क्यांच्या घरात अडकलं, तरी वरच्या ओळीला एका माशाचं नाव होतंच. विद्यार्थिनी ते वहीत उतरवायला निघाली, मी थांबवलं. ब्लास्ट आहेत त्यांतला जवळचा दाखवतं. खरा मासा यादीतच नसेल तर ते तरी काय करणार?

संध्याकाळी आरआयडी टाकून निकाल उचलला: ओरिओक्रोमिस, नव्याण्णव टक्क्यांच्या वर. चिलापी, म्हणजे तिलापिया! 1952 साली भारतात आणलेला हा मासा तळ्यातच प्रजनन करतो. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे एकदा शिरला की हटत नाही.

अध्यक्षांना लगेच फोन केला. पाणी उतरलंय तोवर जाळं ओढा, नवं बीज त्यानंतरच सोडा. "उद्याच पोरायले घेऊन उतरतो जी," ते म्हणाले. इकडे विद्यार्थिनी परक्या माशांचे क्रम डेटाबेसात भरायला बसली होती.