हाय प्रेशरचा अलार्म रीसेट करण्यापूर्वी

उन्हाळ्यात वॉटर-कूल्ड चिलर (पाणी थंड करणारे आणि त्यातली उष्णता दुसऱ्या पाण्यात सोडणारे यंत्र) हाय प्रेशरवर ट्रिप झाला, म्हणजे दाब वाढल्याने आपोआप बंद पडला, की ऑपरेटरचा हात प्रथम रीसेटकडे जातो, आणि माझा आक्षेप नेमका याच सवयीला आहे. अलार्म फक्त दाब मर्यादेबाहेर गेल्याचे सांगतो. कारण आपल्यालाच शोधावे लागते. म्हणून रीसेटपूर्वी ट्रिपच्या क्षणीचे सर्व आकडे वहीत उतरवून घ्यावेत.

एका कारखान्यात आर-१३४ए या शीतक गॅसवर चालणाऱ्या यंत्राच्या कंडेन्सरमधील (गॅस पाण्याने थंड होऊन जेथे द्रवरूप होतो तो भाग) दाब वाढताच गॅस जास्त झाल्याचे ठरवून तो काढण्याची तयारी झाली होती. मी आधी अप्रोच तपासला, म्हणजे त्या दाबाला गॅस ज्या तापमानाला द्रवरूप होतो ते तापमान आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान यांतील फरक. स्वच्छ नळ्यांत पूर्ण भारावर तो साधारण १ ते ३ अंश असतो; तेथे तो ७ होता. पाण्याचा प्रवाह ठीक होता. यंत्र थांबवून कंडेन्सरचे पाणी चालू ठेवले आणि आतले तापमान पाण्याइतके झाल्यावर दाब त्या गॅसच्या तापमान-दाब तक्त्याशी ताडून पाहिला; तो जुळला, म्हणजे आत हवा नव्हती. कव्हर उघडल्यावर नळ्यांमध्ये क्षाराचा पांढरा थर दिसला. नळ्या साफ केल्यावर अप्रोच २ अंशांवर आला. गॅस काढला असता, तर पुढे लो प्रेशरचा नवा अलार्म आला असता आणि मूळ दोष तसाच राहिला असता.

फ्लो स्विचच्या (पाण्याचा प्रवाह कमी झाल्यास यंत्र थांबवणाऱ्या स्विचच्या) अलार्मलाही हाच न्याय लागू पडतो: स्विच बायपास करू नये, आधी स्ट्रेनर (पाण्यातील कचरा अडवणारी जाळी) उघडावा. पाणी थांबले, तर बाष्पकातील (पाणी जेथे थंड होते त्या भागातील) नळ्या गोठून फुटू शकतात.