अपडेट: खडूचा ‘ई’ अखेर जागेवर बसला

मंडळी, जमलं! माझ्या स्टॉप-मोशन फिल्ममधल्या (बाहुल्या जराजरा हलवत एकेक फोटो काढायचा; गोष्ट 1907 मध्ये बोटीने अमेरिकेत पोचलेल्या आजी-नातीची) आजीच्या कोटावरचा, तीन आठवडे डोकं खाणारा खडूचा ‘ई’ अखेर हलायचा थांबला. काल रात्री टेस्ट दहा-बारा वेळा प्ले करून बघितली, मगच झोपले.

जिन्याचा शॉट तर पहिल्याच टेकला ओके झाला. एलिस आयलंडला, म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या बेटावरच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात, वरच्या हॉलकडे जाणाऱ्या जिन्यावर कोण लंगडतंय, कोणाला धाप लागलीय हे डॉक्टर नुसते उभे राहून बघायचे, माणशी जेमतेम सहा सेकंद, म्हणून शॉटही तेवढाच ठेवलाय, ट्वोजवर (एक फोटो दोन फ्रेम, म्हणजे सेकंदाला 12 फोटो) 72 फोटो. आजी मध्येच कठड्याला टेकते आणि नात झटकन वर बघते, ते इतकं छान आलंय ना!

घोळ झाला पुढच्या शॉटला. कोणाला आजार असल्याचा संशय आला, तर डॉक्टर त्याच्या कोटावर खडूने अक्षर काढायचे, ‘एच’ हृदयासाठी, ‘एल’ लंगडण्यासाठी, ‘ई’ डोळ्यांसाठी, आणि डोळ्यांत ट्रॅकोमा (डोळ्यांचा संसर्गजन्य रोग) निघाला तर थेट परतीची बोट. आमच्या आजीला ‘ई’. आधी खराच खडू वापरला, पण हात हलवायला कोट धरला की दर वेळी थोडी पूड झडणार, प्ले केलं की अक्षर उकळल्यासारखं दिसतं. 84 फोटो गेले. मग वरून हेअरस्प्रे मारला, तर लोकर काळपट पडून लाइटखाली चमकायला लागली. अ‍ॅक्रिलिक लावून बघितलं, ते छापील स्टिकर वाटलं. त्यात नवीन मागवलेली आर्मेचरची (बाहुलीच्या आतल्या सांगाड्याची) तार मऊ अ‍ॅल्युमिनियम म्हणून आली आणि चार वाकवण्यांत डॉक्टरचं बोट तुटलं, त्या विक्रेत्याकडून परत घेणार नाही.

उपाय सापडला तो फेल्टिंगच्या सुईत, म्हणजे लोकर टोचून घट्ट बसवायच्या खाचांच्या सुईत. पांढऱ्या लोकरीचे अगदी बारीक तंतू घेऊन ते कोटात टोचून बसवले. कडा खडूसारख्या भुरकट दिसतात आणि कितीही हात लावा, तंतू जागचा हलत नाही. 24 फोटोंची टेस्ट केली, प्रत्येक फोटोआधी मुद्दाम कोट दाबला, तरी अक्षर जसंच्या तसं. कोटाला आतून पातळ टिश्यू चिकटवल्यामुळे बाकीची लोकरही शांत झाली. ड्रॅगनफ्रेममध्ये (स्टॉप-मोशनचं सॉफ्टवेअर) फोटो मागेपुढे करून बघायची सोय नसती तर यातलं काही कळलंच नसतं, त्याचे पैसे वसूल आहेत.

आता अक्षर उमटताना दाखवायचंय, आणि दर फ्रेमला सुई टोचली तर बाहुली हलणारच. हे लिहिता लिहिताच सुचलं, शॉट उलटा घ्यायचा! पूर्ण ‘ई’ आधी बसवायचा, चिमट्याने एकेक तंतू काढत जायचं, डॉक्टरचा हातही उलटा, आणि शेवटी क्लिप रिव्हर्स. उद्या हेच करते.

नाव बदलण्याचा सीन मात्र काढून टाकला. पिक्सारच्या ‘एलिमेंटल’मध्ये अधिकारी नायिकेच्या आईवडिलांना नवी नावं देतो ते त्या जगात शोभतं, पण माझी गोष्ट 1907 ची आहे आणि तिथले अधिकारी निघतानाच्या बंदरात भरलेल्या बोटीच्या यादीवरून नावं ताडून बघायचे. ‘अ‍ॅन अमेरिकन टेल’ या कार्टून फिल्ममधल्या फाइव्हल उंदराचा रेफरन्सही हॉलसाठी चालला नाही, तो 1885 मध्ये निघतो आणि एलिस आयलंड सुरू झालं 1892 ला.

अजून एक. खडूची खूण लपवायला नात आजीचा कोट उलटा करून घालते असा एक सीन आहे, लोकांनी खरंच असं केल्याच्या आठवणी आहेत. टेस्टचा कोट उलटा केला तर टोचलेले तंतू आतून बाहेर आलेले, अस्तराच्या बाजूला ‘ई’ची फिकट, उलटी लव. आधी वाटलं वरून दुसरं अस्तर शिवावं. पण आता ते तसंच ठेवावंसं वाटतंय, डॉक्टरला दिसत नाही पण नातीला दिसतं आणि ती पूर्णवेळ त्यावर हात ठेवून चालते. म्हणजे तिच्या डाव्या हाताला नवीन टाय-डाउन (बाहुली जागेवर घट्ट धरून ठेवायची पकड) लागणार. अस्तर गडद तपकिरी घेऊ की राखाडी? राखाडीवर लव जेमतेम दिसते, मला तेच बरं वाटतंय.